जिन्याच्या खुर्चीचा खर्च

४ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद लिहिते, पण थोडे हातचे राखून. उरलेले तू वागशील तसे पाठवीन.

तुझ्या वकिलांनी कळवलंच असेल, तरी मीही लिहिते: तू हरलास. आत्यासाठी जिन्याला विजेची खुर्ची बसवली तो ट्रस्टच्या पैशाचा योग्य वापर होता, असं जज्जसाहेबांनी स्वच्छ म्हटलंय. ट्रस्टी मीच राहणार आणि खुर्चीही राहणार. निकाल वाचताना त्यांना एकदा हसू आलं, तुझ्या अर्जातलं ते वाक्य आलं तेव्हा. ‘सदर यंत्राचा उपयोग मुख्यतः बटाटे वर नेण्यासाठी होतो.’ मला काही हसू आलं नाही.

प्रतिपक्षाला थेट पत्र लिहायचं नाही, असं वकीलबाईंनी मला बजावलंय. मी म्हटलं, प्रतिपक्षाला कुठे लिहितेय, भावाला लिहितेय. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

मला वाटलं होतं निकाल लागला की सुटलो. तसं नसतं. भांडण संपलं की भांडणाच्या खर्चाचं भांडण सुरू होतं, आणि त्याला वेगळी तारीख मिळते. वकीलबाईंनी मला ते समजावून सांगितलं. तुझे वकील तासाचे पैसे घेतात, म्हणून तुला मी फुकटात सांगते. ट्रस्टच्या भांडणात कोर्ट आधी बघतं की भांडण कसलं आहे. कागदात काय म्हटलंय ते ट्रस्टीला खरोखरच कळेना आणि ती विचारायला गेली, तर ते सगळ्यांच्या भल्याचं धरतात आणि सगळ्यांच्या वकिलांचे पैसे ट्रस्टमधून देतात. तोच प्रश्न ट्रस्टीऐवजी दुसऱ्या हक्कदाराने नेला तरी तसंच. पण ‘तू पैसे उधळलेस, तू बाजूला हो’ म्हणून कुणी अंगावर धावून आलं, तर ते चारचौघांसारखं भांडण. त्यात हरेल तो जिंकणाऱ्याचं भरतो. ट्रस्टीला आणखी एक सोय असते. आपलं काम नीट करताना तिचा जो खर्च झाला, तो तिला ट्रस्टमधून घेता येतो. काम नीट केलं नसेल, किंवा नुसतं स्वतःचं नाक वर ठेवायला लढली असेल, तर मात्र स्वतःच्या पर्समधून.

आपलं चारचौघांसारखं भांडण आहे असं वकीलबाईंचं म्हणणं. सगळा खर्च तुझ्यावर टाकावा आणि तुझ्याकडून जो वसूल होणार नाही तो ट्रस्टमधून मिळावा, अशी मागणी त्या करणार आहेत. मी मान हलवली. हरलास तू, भर तू.

बाकी सगळं ठीक. दुकान चालवणारा फ्रेमवाला भाडं वेळेवर देतो. बाबांच्या काच कापायच्या टेबलावर तो चित्रांना चौकटी ठोकतो, आणि टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून खाली कांबळं अंथरतो. हॉस्पिटलात माझं चादरी मोजणं चालू आहे. आत्या वरच्या खोल्यांत मजेत आहे. तिला सांभाळणारी बाई हल्ली दुपारपर्यंतच येते, तिला दुसरीकडे काम लागलंय. माझ्या वकिलाच्या बिलांची काळजी नको, ती वेळच्या वेळी भागली आहेत.

आत्याला आपल्या केसबद्दल अजून काही ठाऊक नाही. तिच्यापासून लपवायचं, एवढ्या एका बाबतीत आपण दोघं एकमताने वागलो.

ताई


२० मार्च

बारक्या,

आज आशीर्वाद शिल्लक नाहीत.

तुझ्या वकिलांचं लेखी म्हणणं वाचलं. म्हणे तुझा दावा हे भांडण नव्हतंच. ट्रस्टच्या कागदात अशी खुर्ची बसते का, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता, तो तू विचारलास, सबब दोघांचाही खर्च ट्रस्टमधून व्हावा. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नकोस. ताई बेजबाबदार आहे, मनमानी करते, तिला काढा, असं तू लिहिलं होतंस. त्यात मला कुठे प्रश्नचिन्ह दिसलं नाही.

आणि ट्रस्टमधून म्हणजे कुठून रे? बाबांनी दुकान आणि वरच्या खोल्या ट्रस्टमध्ये ठेवल्या त्या त्यांच्या बहिणीसाठी. आत्याने उभा जन्म त्या दुकानाच्या गल्ल्यावर काढला, पगार म्हणून कधी काही घेतलं नाही. ती आहे तोवर तिने वर राहायचं, दुकानाच्या भाड्यातून तिचं सगळं व्हायचं, आणि ती गेल्यावर आपण अर्धं-अर्धं घ्यायचं. आता दोन-दोन वकिलांची बिलं त्यातून भागवायची तर दुकान विकावं लागेल, आणि खालचं दुकान विकल्यावर वरच्या खोल्या हवेत लोंबकळत राहणार नाहीत. आत्याला उचलून कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. म्हणजे भांडणार आपण आणि घर जाणार तिचं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

त्या तणतणीतच मी तिच्याकडे गेले. जिन्याखाली पोचले तर खुर्ची घरघरत वर चालली होती. तिच्यावर भाजीची पिशवी होती, पट्टा लावून नीट बसवलेली. वर आत्या कठड्याला धरून उभी.

“एकदा तरी तू बस ना गं त्यात,” मी म्हटलं.

“मी काय बटाटा आहे?”

“गुडघे बघ तुझे. टोमॅटोसारखे झालेत.”

“गुडघे माझे, जिना माझ्या भावाचा, खुर्ची तुझी. तिघांचं आपसात काय ठरतं ते मला कळव.”

मग पिशवी रिकामी करता करता तिने विचारलं, “बारक्या का येत नाही?”

“कामात आहे तो.”

“त्याला फोनवर तुझं विचारलं, तर तोही म्हणाला ताई कामात आहे. कुठलं काम करता दोघं मिळून?”

मी बटाटे धुवायला घेतले.

घरी येऊन वकीलबाईंना फोन केला. ट्रस्टमधून कुणालाही एक पैसा मिळता कामा नये, असं ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “कुणालाही?” मी म्हटलं, कुणालाही. “बरं. मग एकदा भेटून बोलू या.” त्यांचा सूर मला आवडला नाही. असो.

ताई


६ एप्रिल

बारक्या,

आत्या ठीक आहे, हे आधी लिहिते. हाडबीड मोडलेलं नाही. आता नीट वाच.

परवा दुपारी ती खुर्चीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या चष्म्याची काच निखळली होती आणि ती खाली फ्रेमवाल्याकडून बसवून घ्यायची होती. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि गुडघे फारच दुखत होते, म्हणून बसली. जिना अर्धा उतरली आणि वीज गेली. वीज गेली तरी खुर्ची चालावी म्हणून तिच्यात बॅटरी असते. ती बॅटरी बदलायला झाली आहे, असं कंपनीचा माणूस मला थंडीतच सांगून गेला होता.

फ्रेमवाला माल पोचवायला गेलेला, दुकानाला कुलूप. चष्म्याविना तिला पायरी दिसेना, आणि खुर्ची मध्येच तिरकी थांबल्याने पाय खाली टेकेनात. सबंध दुपार ती जिन्याच्या मधोमध बसून होती. फ्रेमवाला परत आला तेव्हा त्याला आधी तिच्या हाका ऐकू आल्या. तो धावत वर गेला, तर ती म्हणाली, “वर न्यायचं की खाली ते आधी ठरव. मला दोन्ही चालेल.” त्याने तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं.

मी पोचले तेव्हा ती अंथरुणावर बसून कॉफी पीत होती. कप दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तिने एवढंच विचारलं, “बाई दुपारी का येत नाही?” मी सांगायला तोंड उघडलं की तिला दुसरीकडे काम लागलंय, पण तेवढ्यात बातमी ऐकून आलेली बाईच दारातून म्हणाली, “मला कुठलं दुसरं काम? ताईंनीच सांगितलं अर्धा दिवस ये म्हणून.”

तुलाही मी तेच खोटं लिहिलं होतं. खरं काय ते आता लिहिते. वकीलबाईंची बिलं मी ट्रस्टच्या खात्यातून भरत आले. चेकवर सही माझीच. ट्रस्टीला तसा हक्क असतो एवढं मी ऐकलं, आणि हक्क हा शब्द आल्यावर त्यापुढचं काही माझ्या कानात शिरलं नाही. पैसे कमी पडायला लागले तशी बाई अर्ध्या दिवसावर आणली आणि बॅटरी पुढच्या महिन्यावर ढकलली. आयजीच्या जिवावर बायजी उदार. तू ट्रस्टमधून खर्च मागितलास म्हणून मी तुझ्यावर आग पाखडली, आणि मी तर न मागताच घेऊन बसले होते. वकीलबाईंचा सूर का बदलला तेही कळलं. त्यांना मिळालेले पैसे कुठून आले ते त्यांना ठाऊक होतं.

शेवटी आत्याला सगळं सांगितलं. तुझा दावा, माझा जबाब, निकाल, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं.

“या सगळ्याचे पैसे कोण भरतंय?”

“तू,” मी म्हटलं.

“माझ्या पैशांनी भांडलात, तर मला निदान बघायला तरी बोलवायचं. दुपारी मला कुठे काय काम असतं?”

मी हसेन असं वाटलं होतं तिला की काय, कोण जाणे. मला हसू आलं नाही आणि तिलाही नाही. मग तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काच चुकली की तुमचा बाप काय करायचा?” मी सांगितलं. “मग?” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

तुझ्या लक्षात असेलच. माप मी घ्यायचे आणि काच तू कापायचास. कापायच्या आधी तू माप मोठ्याने वाचायचंस, मी ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच तू कापायची हिरकणी काचेला लावायचीस. तू पुटपुटलास की गल्ल्यावरून आत्या ओरडायची, “ऐकू नाही आलं, पुन्हा वाच!” एवढं करून काच चुकलीच, तर चूक कुणाची हे बाबा ऐकूनच घेत नसत. अर्धे पैसे माझ्या खाऊतून, अर्धे तुझ्या. “एकाने नीट सांगितलं नाही, दुसऱ्याने नीट विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कशाला भुर्दंड?” मी केवढी रडायचे, कारण माझी मापं कधी चुकत नसत. निदान मला तसं वाटायचं.

खर्चाची सुनावणी जवळ आलीय. तू येणार नाहीस असं कळलं.

ताई


२३ एप्रिल

बारक्या,

काल सुनावणी झाली. तुझे वकील तुला त्यांच्या सोयीचं तेवढं सांगतील, म्हणून मी माझ्या गैरसोयीचंही सांगते.

आधी वकीलबाई बोलल्या, मग तुझे वकील. दोघांनी जाडजूड पुस्तकांतून जुने निकाल वाचून दाखवले. जज्जसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मग मलाच उभं केलं.

“खुर्ची बसवण्याआधी भावाला विचारलं होतंत?”

“नाही.”

“का?”

“तो नाही म्हणाला असता.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. जज्जसाहेब तुझ्या वकिलांकडे वळले. “आणि तुमच्या अशिलांनी दावा लावण्याआधी बहिणीला एक फोन केला होता का?” तसं काही झाल्याचं दिसत नाही, असं तुझे वकील म्हणाले. “मग खुर्चीचं त्यांना कळलं कुठून?” वकिलांनी कागद चाळले आणि सांगितलं, दुकानाच्या भाडेकरूकडून.

हे मला ठाऊक नव्हतं. फ्रेमवाल्याने तुला काचेचा भाव विचारायला फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, हो ना? मला तिथे उभ्या उभ्या फार वाईट वाटलं. आपल्या जिन्याला काय बसवलं ते तुला भाडेकरूने सांगावं! दोन वर्षं मी समजत होते की तुझा डोळा पैशांवर आहे.

जज्जसाहेब म्हणाले, जिंकणाऱ्याला खर्च मिळतो हे खरं, पण दोन्ही बाजू कशा वागल्या तेही आम्ही बघतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, की ट्रस्टच्या पैशांनी ही लढाई लढू का, असं ट्रस्टीला आधीच कोर्टात येऊन विचारता येतं. विचारून लढली की ती निर्धास्त. न विचारता लढली, तर नंतर एकेक बिल योग्य होतं हे तिने दाखवून द्यायचं. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं असं लिहिणार होते, पण वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला वेळ लागेल म्हणाल्या, आणि मला घाई होती. तू कोण मला काढणारा, असं झालं होतं.

“पुढच्या तारखेपर्यंत आपसात ठरवा,” जज्जसाहेब म्हणाले. “नाही ठरलं तर मी ठरवीन, आणि ते दोघांनाही आवडणार नाही.”

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण एका खुर्चीपायी चढलो, आणि खर्चाचा डोंगर असा झालाय की त्यात अख्ख्या गल्लीच्या जिन्यांना खुर्च्या बसल्या असत्या. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, काही झालं तरी निकाल तुमच्या बाजूचा आहे, बराचसा खर्च भावाकडून मिळेल, सोडू नका. मिळेलही. तुझी व्हॅन अजून कर्जावर आहे आणि ती गेली तर घरोघरी बसवायच्या काचा तू पाठीवरून नेणार का, हे मला फ्रेमवाल्यानेच ऐकवलं. आपल्या दोघांच्या घरातलं सगळं त्या एकट्याला ठाऊक असतं.

तर मी असं ठरवलंय. दोन्ही वकिलांची बिलं एकत्र करायची. अर्धी तू, अर्धी मी, आपापल्या खिशातून. तुला एकदम जमणार नाही, तर वकीलबाई हप्ते घ्यायला तयार आहेत. ट्रस्टमधून मी आजवर जे उचललं ते सगळं परत भरते. त्यासाठी माझी निवृत्तीची ठेव मोडतेय. म्हणजे आणखी काही वर्षं चादरी मोजायच्या. ट्रस्टला कशाचीच झळ नको. ट्रस्टशी संबंध असल्याने जज्जसाहेबांना ते दाखवावं लागेल, पण ते नाही म्हणणार नाहीत, असं वकीलबाईंना वाटतं. त्यांना स्वतःला मात्र माझं डोकं फिरल्यासारखं वाटतंय. म्हणाल्या, “जिंकलेल्या माणसाने अर्धं भरायचं, असा कागद मी आजवर कधी केला नव्हता.” मी म्हटलं, आमच्या दुकानात अशीच पद्धत आहे.

ही पद्धत मला आवडते असं समजू नकोस. माझं माप बरोबरच होतं, हे मला आजही वाटतं. तुला तुझं वाटत असणार.

कागद सोबत आहे. मी अजून सही केलेली नाही आणि तूही करू नकोस. आधी मला फोन कर आणि तो वाचून दाखव. मोठ्याने, पहिल्या ओळीपासून. रविवारी सकाळी मी आत्याकडे असेन. मी बरोबर म्हटलं की मग काप.

ताई


२ मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद. या वेळी पूर्ण.

फोनवर बोलणं झाल्यावर खरं तर पत्राची गरज नव्हती, पण कागदाची सही-शिक्क्याची प्रत पाठवायची होती, म्हणून सोबत चार ओळी.

तुझा आवाज बाबांसारखा झालाय. दोन वर्षांत एवढा फरक पडतो की मीच नीट ऐकत नव्हते, ते कळत नाही. तू वाचत होतास तेव्हा मी फोन मधे धरला होता, म्हणजे आत्यालाही ऐकू यावं. ‘अर्धा खर्च प्रत्येकाने स्वतः सोसावा’ इथे येऊन तू पुटपुटलास, आणि आत्या बसल्या जागेवरून ओरडली, “ऐकू नाही आलं, पुन्हा वाच!” मग पहिल्यापासून पुन्हा वाचलंस, शाळेतल्यासारखं, एकेक शब्द.

तुझं वाचून झाल्यावर मी ‘बरोबर’ म्हणायचं होतं. तू “ताई? ताई, आहेस का?” करत राहिलास. फोन कट झालेला नव्हता. मी रडत होते, एवढंच. आत्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, “बरोबर आहे रे. काप.”

जज्जसाहेबांनी कागद वाचला आणि शिक्का मारायला दिला. बाई सोमवारपासून पूर्ण दिवस यायला लागलीय. बॅटरी नवी बसवली, त्याचे पैसे ट्रस्टमधून दिले, आणि तुला आधी फोनवर विचारून दिले, हे लक्षात असू दे. आत्या काही पुन्हा खुर्चीत बसायला तयार नाही. म्हणते, एकदा बसले त्यात सबंध दुपार गेली. तेव्हा तुझ्या अर्जातलं ते वाक्य आजही खरं आहे. बटाटेच वर जातात.

तू येशील तेव्हा व्हॅन दुकानासमोर लावू नकोस, फ्रेमवाल्याचा माल अडतो. आणि पुढे या घरात काहीही बसवायचं झालं, साधा खिळा ठोकायचा झाला, तरी मी आधी तुला विचारीन. तू नाही म्हणशील. मी तरीही ठोकीन. पण विचारीन.

तुझी ताई